बाळंतिणीच्या ओट्याचे केळापुरेसाहेब

श्री. माधवराव केळापुरे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना अंगणातून हाकललं होतं. स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पवनारला एका घरी सून अडली होती आणि सुईण म्हणून मी आत होते. गरम पाणी घ्यायला बाहेर आले तर अंगणात कोट-टोपीवाले एक गृहस्थ उभे, हातात मोजायची फीत.

मी म्हटलं, "तुम्ही कोन? इथं बाईची वेळ आली अन् तुम्ही काऊन उभे राह्यले?"

"मी इमारतींचे नकाशे करतो. वर्ध्याला बाळंतिणींचा दवाखाना व्हायचा आहे. बाज किती लांब असते, ते पाहायचं होतं."

"बाज मोजाची असन तर सुताराकडे जा."

ते गेले. पण रस्त्यापलीकडे लिंबाखाली जाऊन बसले, आणि सांजेला मी हात धुवून निघाले तेव्हा तिथेच होते. आधी त्यांनी बाई बरी आहे का, ते विचारलं. मग विचारलं, "बाळंतीण बाजेवरून उठताना कोणत्या अंगाला वळते? तुम्ही कोणत्या बाजूला उभ्या असता?" तोवर वीस वर्षं मी हे काम करत होते. असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी रागातच उत्तर दिलं, पण दिलं.

साहेबांना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि या गौरव-अंकासाठी मला लिहायला सांगितलं आहे. त्यांच्या कामाची मोठी यादी शिकलेली माणसं देतील. मला कळतं ते असं की, राहायचं घर कोणीही बांधून देतो, साहेबांकडे अडचणीची कामं येतात. कापसाचा जिन, जिथे एका ठिणगीने सगळा माल जातो. सरकारची, गुरांच्या लशीची थंड खोली. क्षयाच्या रोग्यांचा वॉर्ड. मालक सरकार असो की शेठ, साहेबांची रीत एकच. कागद पुढ्यात घेण्याआधी ते तिथे राबणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसतात. जिनच्या वेळी कापूस टाकणाऱ्या बायांजवळ तीन दिवस बसले होते, अंगभर सरकी-कापूस घेऊन घरी गेले तर त्यांच्या मंडळींनी त्यांना आधी ओळखलंच नाही म्हणतात.

आमच्या दवाखान्याला जागा बोरगावच्या बाजूला मिळाली. साहेबांनी तिथे मोकळ्या जमिनीवर अख्खा दवाखाना चुन्याच्या फक्कीने आखला, खरा जेवढा व्हायचा तेवढाच. भिंत म्हणजे पांढरी रेघ, दार म्हणजे रेघ तुटलेली. आम्हा चार सुईणींना बोलावलं आणि म्हणाले, "आता इथे काम करा." आम्ही एकीला बाजेवर निजवलं, उचललं, आणि या खोलीतून त्या खोलीत नेलं. ती बाजेवरून सारखी ओरडत होती, "हळू धरा व, मी खरंच पडीन." बाज दारात अडली की साहेब रेघ पुसून दार रुंद करायचे.

दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष शेठजी छत्री धरून बघत होते. साहेबांनी बांधला तो जिन यांचाच. चुन्यातल्या सुईणींच्या खोलीवर त्यांनी काठी टेकवली. "साहेब, ये किसलिये? सुईण तर पडवीत बी बसते."

"बसते. तुमच्या जिनचा फिटर कुठे बसतो?"

"उसको तो आपनेच कमरा दिया."

"इंजिनाकडे त्याचं लक्ष राहावं म्हणून दिला. यांचं लक्ष कशाकडे राहायला हवं, ते तुम्हीच सांगा."

शेठजींनी काठी उचलली. त्या खोलीला आज खिडकी आहे, लुगडं टांगायला खुंटी आहे. माझा गुडघा दुखतो, हे साहेबांनी त्या चुन्यात चालतानाच पाहून ठेवलं होतं. दवाखाना झाला तेव्हा त्या खोलीच्या पायऱ्या बुटक्या निघाल्या. साहेब त्याबद्दल बोलले नाहीत, गवंड्याने सांगितलं म्हणून कळलं.

पण त्या आखणीतच एक चूक झाली. गौरवाच्या अंकात चूक कशाला, असं कोणी म्हणेल. तिच्याशिवाय साहेब कसे आहेत ते सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे बाळंतिणीला बाजेखाली निखारे ठेवून शेक देतात. शेक नाही मिळाला तर अंगात वारा शिरतो आणि बाई जन्माची अधू होते, असं प्रत्येक सासू मानते. चुन्यात मागच्या बाजूला एक चौकोन होता. साहेब म्हणाले, "इथे गरम पाण्याचा बंब." आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, एवढा मोठा दवाखाना, इथे निखाऱ्यांऐवजी बंबाने शेक देत असतील. विचारलं तर आपणच अडाणी दिसू. म्हणून आम्ही गप्प राहिलो, आणि साहेबांना वाटलं की बायांनी सगळं सांगितलं.

दवाखाना उघडला. दोन्ही अंगांना मोठ्या खिडक्या, वारा आरपार. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई खुश. दुसऱ्याच दिवशी सासवा विचारू लागल्या, "शेक कुठं देता?" डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, इथे निखारे चालणार नाहीत, धुराने लेकरू गुदमरतं. त्यांचंही खोटं नव्हतं. मग खिडक्यांत वाकळा कोंबल्या गेल्या, आणि दोन दिवसांत बाळंतिणी बैलगाडीत घालून घरी जाऊ लागल्या.

त्यात हिंगणीची सुगंधा होती. फार अडलेली. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले होते आणि आठ दिवस हलवू नका म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूने गाडी जुंपली. मी जाऊन जू धरलं.

"बुडे, आठ दिवस थांब. हिले हलवू नको."

"माही सून गार पडून राह्यली. इथं ठेवून मारू का तिले?"

"डॉक्टरीणबाई सांगून राह्यली नं."

"तिचं सोड. यमुनामावशी, तू सांग. तुह्या पोरीले तू बिनाशेकाची ठेवली असती?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी जू सोडलं. वाटेत रक्त सुरू झालं. सुगंधा घरी पोचली नाही. लेकरू तेवढं वाचलं.

साहेब कळल्यावर लगेच आले. समितीतले लोक अडाणीपणाला, सासूला नावं ठेवत होते. साहेब सरळ आमच्या खोलीत आले आणि स्टुलावर बसले. "यमुनाबाई, कुठे चुकलं?"

"तुम्ही पावलं मोजली साहेब. शेकाचं नाई विचारलं. अन् आम्ही बी नाई सांगितलं. आम्हाले वाटलं, बंबात हाय."

"बंबात?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग समितीच्या बैठकीत गेले. मी पाण्याचे पेले घेऊन दारात होते, म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "चूक नकाशात आहे आणि नकाशा माझा आहे. दवाखाना अर्धाच झाला आहे. उरलेला मला बांधू द्या." शेठजी म्हणाले, "साहेब, आप अपने सिर पर क्यों लेते हो?" साहेबांनी पेन्सिल काढून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुम्हाला काय काय नको, ते सांगा." विस्तव बाळाजवळ नको, धूर नको, अंग भाजायला नको. तिन्ही गोष्टी त्यांनी लिहून घेतल्या.

महिनाभरात मागे एक खोली उठली. आत विटांचा ओटा, पोटात पोकळ, वर शहाबादी फरशी. विस्तव घालायचं तोंड भिंतीबाहेर, पडवीत. धूर धुरांड्याने वर. आत येते ती नुसती ऊब. वॉर्डच्या खिडक्यांना खालून भरीव झडपा आणि वर झरोके केले, म्हणजे हवा येते पण निजलेल्या बाईला वारा लागत नाही.

ओटा झाल्यावर साहेब म्हणाले, आधी मी निजतो. कोट काढला आणि धोतर सावरून बाळंतिणीसारखे आडवे झाले. मी बाहेरून गवऱ्या घालत होते. गवंडी तोंडात उपरणं कोंबून हसत होता.

मी विचारलं, "साहेब, सुटका नीट झाली नं?"

"झाली. लेकरू तुमच्यावर गेलंय, नुसतं ओरडतंय."

पुढे काही बोलायच्या आत ताडकन उठले. सदऱ्यातून पाठ भाजली होती. दुसऱ्या दिवशी फरशीखाली चार बोटं वाळू भरली आणि परत निजले. डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावला, नको म्हणून मान हलवली, अजून वाळू घालायला लावली. तिसऱ्या दिवशी साहेबांना ओट्यावर झोप लागली. आम्ही उठवलं नाही.

तेव्हापासून बाया आठ-दहा दिवस राहतात. पडवीत बसून गवऱ्या घालायचं काम सासूकडे असतं, त्यामुळे तिचाही जीव रमतो. आता सासवाच म्हणतात, घरी एवढी ऊब कुठं मिळते. मीही माझ्या धाकटीला तिथेच आणली.

आता खरं बोलायचं ते. हिंगणीला दुसरा दवाखाना व्हायचा आहे. साहेबांनी त्याच्या नकाशात पहिल्यांदा ओटा काढला, मग बाकीचा दवाखाना. आपलं सरकार नागपूरहून मुंबईला गेल्यापासून कागदही मुंबईला जातात. तिथून नकाशा परत आला तो ओट्याच्या खोलीवर तांबड्या पेन्सिलीची फुली घेऊन. अशा खोलीची गरज नाही, असा शेरा. समिती म्हणते, फुली मान्य करा, नाहीतर मंजुरी लटकेल. साहेब सही करत नाहीत. समितीत दबक्या आवाजात दुसऱ्या कोणाकडून नकाशा करून घ्यायचं चाललं आहे.

सत्कार करणारे आणि सही मागणारे तुम्ही समितीवालेच आहात, म्हणून इथेच लिहिते. एका हाताने शाल पांघरायची आणि दुसऱ्या हाताने त्यांचा नकाशा काढून घ्यायचा, हे मला बघवत नाही. सचिवांनी माझं बाकी हवं तेवढं कापावं, एवढं ठेवावं. हिंगणीच्या सासवा मला ठाऊक आहेत, मी तिथलीच आहे. ओटा नसेल तर दुसऱ्या दिवशी दारात गाड्या लागतील.

साहेबांचे दोषही सांगते. हट्टी आहेत. कामात असले की जेवत नाहीत. गवंड्यावर चिडले की तीन-तीन दिवस बोलत नाहीत, मग त्याच्याच शेजारी बसून त्याच्या फडक्यातली भाकर खातात. गेल्या दिवाळीपासून त्यांना दम लागतो. डॉक्टरीणबाईंनी जिने चढू नका सांगितलं, ते त्यांनी ऐकलेलं नाही. परवा माझ्याकडे आले. म्हणाले, "सत्कार झाला की दुसऱ्या दिवशीच्या मेलने मी मुंबईला जातो. आमची मंडळी सोबत आहे. तुम्ही येता का?"

"मी तिथं काय करू साहेब? मले त्यायच्यासारखं बोलता येत नाई."

"नकाशा मी दाखवीन. पण ज्याने फुली मारली त्याने बाळंतिणीची खोली कधी पाहिलेली नसणार. मीही पाहिलेली नव्हती. मला सांगितलंत तसंच त्याला सांगा."

मी हो म्हटलं. पण मला तेव्हापासून चैन नाही. अजून सत्काराला आठ दिवस आहेत. इतके दिवस कशाला लावले, कळत नाही. भाषणं कमी करा.

मुंबईची ती कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणतात. साहेब प्रत्येक जिन्यावर थांबतील, खांब कसा घेतला आहे ते बघतोय असं दाखवतील, आणि श्वास घेतील. मी घाईची बाई आहे, पण तिथे त्यांच्यामागे एक-एक पायरी चढेन.

देवाने केळापुरेसाहेबांना भरपूर आयुष्य द्यावं आणि धडधाकट ठेवावं. त्यांच्या छातीत दम राहावा, भूक लागावी, लागली की जेवायचं सुचावं. हिंगणीची पहिली बाळंतीण दहा दिवस राहून लेकरू घेऊन आपल्या पायांनी गाडीकडे जाईल, तेव्हा साहेब तिथे दारात उभे असावेत. आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं असावेत.