जुन्या मासिकाची तोफ

बाबा बांधकामाच्या सेंट्रिंगवरून पडले आणि आमची दुपारची चूल पेटेनाशी झाली. भरपाई मागायला गेलेल्या आईला ठेकेदारानं ढकललं. तिचा दात पडला. त्यामुळे मारझोड मला नवी नव्हती. पण मायेनं हाणणारं माणूस थेट परदेशात, आइंडहोवन शहरात भेटलं. आम्ही मराठी पोरं त्यांना 'तोफ' म्हणायचो, तोंडावर 'ताई'. त्या माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक.

माझा विषय होता शंभर वर्षांपूर्वीचं एक डच मासिक. वास्तुकलेला आणि चित्रांना वाहिलेलं, चौकोनी, ताडाच्या तंतूंनी शिवलेलं. कोविडमध्ये ग्रंथालयं बंद झाली. जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे पूर्ण संच होता. ताईंनी भांडून त्याच्या दुकानाची किल्लीच आणली. शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपणार होती. त्याआधी प्रबंध झाला नाही, तर हात हलवत गावी परत.

पहिल्याच दिवशी अंकाची पानं कडेला जोडलेली दिसली. कापायची राहिली असतील म्हणून मी सुरी उचलली, तोच ताईंची लाकडी पट्टी सणकन मनगटावर. "अरे राक्षसा! एका बाजूला छापून दुमडलीत ती, मुद्दाम! घर बघायला गेलास की भिंत फोडतोस का?" मनगट टम्म सुजलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आंबेहळदीचा लेप आणून लावला आणि मग माझं पहिलं प्रकरण टराटरा फाडलं. "म्हणे, 'मुखपृष्ठ सुंदर आहे'! मुलगी बघायला आलायस का?"

मग संचारबंदीविरुद्ध शहर पेटलं. रविवार होता. भर दुपारी स्टेशनाकडून जमाव आला, सायकली भिरकावत, गाड्या पेटवत. दुकानाची काच फुटली. कुणीतरी जळता फटाका आत टाकला. ताईंनी तो बुटाखाली चिरडला.

"अंक घे, माळ्यावर पळ!"

"ताई, तुम्ही पण चला ना!"

"मुहूर्त बघतोयस का? पळ म्हटलं ना!"

अंकांचा खोका घेऊन मी जिन्यावर चढलो आणि वळून पाहिलं. ताई दारात उभ्या. हातात सायकलच्या कुलपाची जाड साखळी, तोंडात अस्सल पुणेरी शिव्या. आत घुसणाऱ्याच्या गुडघ्यावर साखळी बसली. तो विव्हळत कोसळला. त्याच्यामागून आलेली वीट ताईंच्या तोंडावर बसली.

ताईंचा डावा डोळा गेला. उजव्याला वाचन सोसेना. मी व्हिडिओ कॉलवर प्रकरणं मोठ्यानं वाचायचो आणि त्या दवाखान्यातल्या पलंगावरून गरजायच्या, "खोड ते! पुन्हा वाच!"

"ताई, नर्स रागावेल."

"रागावू दे. तिला कुठं प्रबंध लिहायचाय?"

एकही अंक जळला नाही. ताई कायमच्या पुण्याला गेल्या, त्याआधीच, शिष्यवृत्ती संपायच्या आत, माझा प्रबंध मान्य झाला. आमच्या घरात पहिली पदवी मीच आणली होती. डॉक्टरेटही मीच आणली.