शिवलीलाचं कपाट

लेकीच्या लग्नात दुसरं काही दिलं न दिलं तरी कपाट द्यायचंच, अशी आमच्या सोलापूरकडची रीत. टेम्पोत आधी कपाट चढतं, मग गादी, मग भांडीकुंडी, आणि कपाटाच्या आरशात सगळी गल्ली आपापलं तोंड बघून घेते. चनबसप्पा हत्तुरे यांनीही लेकीसाठी कपाट केलं. फक्त ते सासरी गेलं नाही, वाचनालयात गेलं.

चनबसप्पा मूळचे मैंदर्गीचे. नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी उभी हयात घातली. गिऱ्हाइकापुढं कापड उलगडायचं, गिऱ्हाईक "जरा फिरून येतो" म्हणून निघून गेलं की पुन्हा घडी घालून फळीवर चढवायचं, हे त्यांचं काम. माणूस इतका भिडस्त की पगार वाढवून मागायला म्हणून मालकाच्या गादीपर्यंत जायचे आणि "चहा सांगू का, मालक?" एवढंच विचारून परत यायचे. बायको मायाक्का याच्या अगदी उलट. ती घरी कडक भाकऱ्या करून विकायची, आणि जीभही भाकरीसारखीच कडक. मापात मारणारा वाणी असो की दारात गाडी लावणारा शेजारी, तिनं कुणाचं काही राखून ठेवलं नाही. चनबसप्पा जगात सगळ्यांनाच थोडे थोडे भ्यायचे, पण तिच्या जिभेला जास्त.

त्यांना थोरला मुलगा आणि धाकटी शिवलीला. दुकानामागच्या बोळात सार्वजनिक वाचनालय होतं. शाळा सुटली की शिवलीला तिथं जाऊन बसायची आणि दुकान बंद झालं की बापाबरोबर घरी यायची. मायाक्काला अक्षर येत नव्हतं. ती भाकऱ्या थापत असायची आणि पोरगी समोर बसून दिवसभरात वाचलेली गोष्ट सांगायची. कानडीत सुरू करायची, मराठीत संपवायची. कधी गोष्ट अर्धीच राहिली तर दुसऱ्या दिवशी मायाक्काच तिला घालवून द्यायची. "जा की लवकर. त्या बाईच्या नवऱ्यानं घरात घेतलं का न्हाय तिला, बगून ये."

बारावीच्या वर्षी शिवलीलाला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना असं करता करता पोर हातची गेली. त्या वेळी तिनं कुठली गोष्ट अर्धी सांगितली होती हे मायाक्काला पक्कं आठवत होतं, पण पुढं काय झालं हे सांगायला कुणी उरलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर नातेवाइकांनी सुचवलं, लग्नासाठी मागं टाकलेलं आहे त्यातून मठात जेवण घाला, पोरीच्या आत्म्याला बरं वाटेल. मायाक्का म्हणाली, "जेवून लोकं हात धुतील नि जातील. लग्नात कपाट दिलंच असतं की न्हाय आपण? ती राहायची तितंच द्या. तेच तिचं सासर समजा."

मग सुताराकडून सागवानी कपाट करून घेतलं, काचेच्या दारांचं, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं. रंगाऱ्यानं वरच्या फळीवर पिवळ्या रंगात लिहिलं, 'कु. शिवलीला चनबसप्पा हत्तुरे हिच्या स्मरणार्थ'. मायाक्कानं त्याला विचारलं, "ह्यात माजी लेक कुटली?" रंगाऱ्यानं स्टूल दिलं, तिचं बोट धरलं आणि रंग वाळल्यावर त्या एका शब्दावरून फिरवलं. एवढंच मायाक्काचं शिक्षण.

रेशनकार्डावरून शिवलीलाचं नाव केव्हाच कमी झालं होतं. शाळेच्या पटावरूनही गेलं. जगात ते नाव लिहिलेलं राहिलं ते त्या कपाटावर. दर वर्षी पोरगी गेली त्या दिवशी मायाक्का वाचनालयात यायची, मागून स्टूल घ्यायची, वर चढून पदरानं फळी पुसायची आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. पहिल्या वर्षी तिथले कर्मचारी कुरकुरले, दुसऱ्या वर्षी गप्प बसले, तिसऱ्या वर्षापासून स्वतःच स्टूल आणून ठेवायला लागले. भिंतभर पुस्तकं असलेल्या त्या जागेत तिला वाचता येणारा तेवढा एकच शब्द होता, आणि तो वाचून ती घरी जायची. असं वीसेक वर्षं चाललं.

मग वाचनालयाला नवं करायची टूम निघाली. टूम म्हणालो खरा, पण खोटं कशाला बोला, गरज होती. छत गळत होतं, वाळवीनं मागच्या भिंतीपर्यंत मजल मारली होती आणि वाचकांमध्ये पेपर तोंडावर घेऊन झोपणारेच जास्त. कार्यवाह अनिलकुमार यांनी खटपट करून निधी उभा केला आणि संस्कृती नावाच्या तरुण वास्तुविशारद मुलीकडं काम दिलं. मुलगी जुळे सोलापूरची, पुण्यात शिकून परत आलेली. छतावर सौर पॅनेल, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, एसीशिवाय वारा खेळेल अशा खिडक्या, लहान मुलांना, बायकांना, परीक्षेवाल्यांना बसायला जागा. आणि जुनं काही फेकायचं नाही, यावर तिचा फार कटाक्ष. विटासुद्धा साफ करून पुन्हा लावायच्या म्हणायची.

कपाटं देणाऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असंही तिनंच ठरवलं. म्हणून जुन्या देणगीदारांची बैठक बोलावली. चनबसप्पा तेव्हा काम सोडून मुलाकडं राहत होते. त्यांना आयुष्यात कुठल्या बैठकीचं बोलावणं आलेलं नव्हतं. ते परीटघडीचा सदरा घालून अर्धा तास आधी जाऊन बसले.

संस्कृतीनं पडद्यावर चित्रं दाखवून सगळं समजावून सांगितलं, काही लपवलं नाही. जुनी कपाटं खोल आणि अंधारी आहेत, मागच्या बाजू वाळवीनं खाल्ल्यात. पण पुढचं सागवान अजून सोन्यासारखं आहे. ती उकलून त्या लाकडाची रुंद पायऱ्यांची बैठक करायची. मुलं तिच्यावर बसून वाचतील, गोष्टी ऐकतील. मग ती एकेकाला विचारत गेली. एका वकिलांनी ठणकावून सांगितलं, "कपाट मोडा, पण वडलांचा फोटो दर्शनी भिंतीवर पाहिजे." तिनं ते लिहून घेतलं.

"काका, तुमचं काय म्हणणं आहे?"

नाव चनबसप्पांच्या ओठावर आलं होतं. पण ती मुलगी पेन धरून त्यांच्याकडं बघत थांबली होती, आणि तिनं 'काका' म्हटलं तेच त्यांना पुरेसं झालं. शिवलीला असती तर हिच्याहून मोठीच असती. एवढं चांगलं काम चाललंय, त्यात आपल्या पोरीचं नाव कुठं मधे घालायचं, असं त्यांना वाटलं.

"चांगलं हाय की," ते म्हणाले. "करा तुमी."

"काही अट, काही इच्छा?"

"न्हाय, न्हाय. काय न्हाय."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. घरी आल्यावर मायाक्कानं पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "कपाटाचं काय ठरलं?"

"लाकूड सगळं वापरणार हायत. एक फळी वाया घालवणार न्हाईत."

"आनि नाव?"

"नाव कुटं जातंय?" चनबसप्पा म्हणाले. म्हणताना त्यांना ते खरंही वाटलं.

नंतर मात्र वाटेनासं झालं. ते दोनतीनदा नवी पेठेत गेले, बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. आत यंत्रांचा आवाज चाललेला. संस्कृती डोक्यावर पिवळं टोपडं घालून गवंड्यांशी बोलताना दिसायची. एकदा तिनं त्यांना पाहिलं आणि हात केला. चनबसप्पांनीही हात केला आणि घरी आले.

दोन वर्षं जागेला पत्रे ठोकलेले होते. त्या दोन्ही वर्षी मायाक्का ठरल्या दिवशी गेली, पत्र्यापाशी थोडा वेळ थांबली आणि परत आली. "हुईल की," ती सुनेला म्हणायची. "सासर नवं बांदाय काढलंय तिचं."

उद्‌घाटनाच्या दिवशी तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं. गुडघे धरलेले, तरी रिक्षातून उतरून कुणाचा हात न घेता आत गेली. आत उजेड होता आणि बाहेरच्या उन्हाची झळ दारातच थांबली होती. पोरं पुस्तकं घेऊन इकडून तिकडं पळत होती. "लई गार हाय की," मायाक्का म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

मग ती शोधायला लागली. एकेका मांडणीपुढं उभी राहून मान वर करून बघायची, पुढच्या मांडणीकडं जायची. दारापाशी देणगीदारांच्या नावांची काचेची पाटी होती. तिच्यावरून तिनं वरपासून खालपर्यंत बोट नेलं. पाटीवरची शेवटची ओळ होती, 'सर्व जुन्या देणगीदारांचे आम्ही ऋणी आहोत.' दर्शनी भिंतीवर वकिलांच्या वडलांना ताजा हार घातलेला होता. चनबसप्पा तिच्या मागून चालत होते. थांबवावं असं त्यांना प्रत्येक मांडणीपाशी वाटत होतं.

संस्कृतीनं दोघांना पाहिलं आणि ती धावत आली. वाकून नमस्कार केला. "काकू, चला, तुमचं कपाट दाखवते."

मायाक्काचा चेहरा उजळला. संस्कृतीनं तिला हाताला धरून मधल्या मोठ्या पायऱ्यांपाशी नेलं. पायऱ्या देखण्या झाल्या होत्या, यात वाद नाही. तेलपाणी केलेलं सागवान, मधासारखा रंग. वरपर्यंत पोरं बसलेली, कुणी पाय सोडून, कुणी पालथं पडून.

"ह्यातली कुटली?" मायाक्कानं विचारलं.

"ते आता नाही सांगता येणार, काकू. सगळ्या कपाटांच्या फळ्या एकत्र रंधून घेतल्या. तुमच्या कपाटाचं लाकूड सगळ्यात चांगलं निघालं."

"त्येच्यावर लिवलेलं हुतं."

"जुना रंग सगळा घासून काढला. त्या रंगात शिसं असतं, विषारी. मुलं बसणार ना इथं."

शिसं म्हणजे काय ते मायाक्काला कळलं नाही. घासून काढलं, हे कळलं. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. वर जाण्यासाठी पाऊल उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"बसा ना काकू, तुमचीच आहे बैठक."

"कुटल्या फळीवर पाय द्यू?" मायाक्का म्हणाली. "लेकीचं नाव हुतं त्येच्यावर."

संस्कृतीला तेव्हा कुठं उमगलं. ती खरंच चांगली मुलगी. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला ठाऊक असतं तर ती एक फळी तशीच ठेवली असती मी. काच लावून. काही अवघड नव्हतं हो, काकू. मी उद्याच नावाची पाटी करते, छान अक्षरात."

"कर बाई," मायाक्का म्हणाली. "कर. रडू नगं." दुसऱ्याच्या पोरीला समजवावं तशी ती बोलली. पण ज्या अक्षरांवरून तिचं बोट वीस वर्षं फिरलं होतं, ती अक्षरं आता कुठल्या पाटीवर येणार होती? रंधा मारताना त्यांचा भुसा झाला आणि झाडून भरला गेला. पोर दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी निरोपसुद्धा आला नाही.

ती खाली फरशीवर बसली. पहिल्या पायरीवर तळहात टेकवला, जरा इकडं नेला, जरा तिकडं नेला. कुठंच काही लागलं नाही. मग तिनं नवऱ्याकडं वर पाहिलं.

"तुमाला इचारलं न्हवतं व्हय कुणी?"

 संस्कृतीनं मान खाली घातली, आणि विचारलं होतं हे तेवढ्यानंही सांगून झालं. मोठी लोकं हायत, आपलं कोण ऐकतंय, असं म्हणायची सोय चनबसप्पांना तरीही होती. मायाक्कानं विश्वासही ठेवला असता.

"इचारलं हुतं," ते म्हणाले. "सगळ्यांच्या म्होरं इचारलं हुतं. मीच काय बोललो न्हाय."

आणि ते बायकोच्या बोलण्याची वाट बघत उभे राहिले. तिनं चारचौघांत सालटं काढावीत, पेठेला ऐकू जाईल असं बोलावं, जन्मात बोलली नसेल इतकं बोलावं, असं त्यांना आज पहिल्यांदा वाटत होतं. मायाक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं चपला हातात घेतल्या, फरशीला हात टेकून उठली आणि एक शब्द न बोलता दाराकडं चालायला लागली.