ऐकू येतंय असं दाखवताना

बँकेचा मुख्य कार्यकारी अधिकारी झालो तेव्हा माझा उजवा कान जवळजवळ गेलेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. ही गोष्ट फक्त माझ्या बायकोला आणि डॉक्टरांना माहीत होती.

मी मूळचा सांगलीचा. दुसऱ्याच बदलीत चेन्नईला आलो, जॉर्ज टाउनच्या शाखेत. तिथल्या मिरची-हळदीच्या व्यापाऱ्यांना माझ्या इंग्रजीचं काही कौतुक नव्हतं. त्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसून मी तमिळ शिकलो, ऐकून ऐकून. कोण खरं बोलतोय आणि कोण नुसतं गोड बोलतोय, हे मला आवाजावरून कळायचं. वरिष्ठ म्हणायचे, "याला माणूस ऐकता येतो." शाखाधिकारी, मग विभागप्रमुख, शेवटी एका जुन्या, लहानशा खासगी बँकेत सर्वांत वरची खुर्ची. जे मिळवलं ते या कानांवर मिळवलं.

डॉक्टर म्हणाले, शीर सुकत चालली आहे. यंत्राने आवाज मोठा होईल, शब्द स्पष्ट होतीलच असं नाही. तरी यंत्र घेतलं. घरी लावायचो आणि ऑफिसच्या फाटकाशी गाडी आली की काढून खिशात टाकायचो. माझ्या आधीच्या साहेबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा ते दवाखान्यातून घरी यायच्या आधीच त्यांच्या जागेसाठी नावं फिरू लागली होती. ते मी पाहिलेलं होतं. अशी जवळजवळ चार वर्षं काढली होती; आता माझी मुदत वर्षभरात संपणार होती, फेरनेमणूक व्हायची होती. तेवढं वर्ष कसंही काढायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

बैठकीत मी भिंतीकडे पाठ करून बसायचो, म्हणजे सगळ्यांचे ओठ समोर. प्रश्न कळला नाही की म्हणायचो, "आधी तुमचं मत सांगा." लोकांना वाटायचं, साहेब किती समजून घेतात! घरी पोचेपर्यंत डोकं असं ठणकायचं की बायकोशी बोलायचंही त्राण नसायचं.

माझ्या सेक्रेटरी बाई तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या जपलेली जुनी मराठी त्या तमिळ हेलात बोलायच्या. एक दिवस केबिनचं दार लावून त्या अगदी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सार, तुम्हांस ऐकूं येत नाहीं. मला ठाऊक आहे."

मी दार नीट लागलंय का ते पाहिलं. "कुणाला बोललात?"

"कोणास बोलूं? आजपासून मी शेजारीं बसतें. लिहून दाखवितें."

तेव्हापासून बैठकीत त्या टिपणवहीवर दोन-दोन शब्द लिहून माझ्याकडे सरकवू लागल्या. त्यांच्या आधाराने मी सहा-सात महिने रेटले.

मग चेन्नईच्या बाहेर सिरुसेरीला आयटी पार्कजवळ आमच्या शाखेचं उद्घाटन झालं. नादस्वरम आणि तविल अगदी दाराशी वाजत होते. फीत कापल्यावर कर्मचारी रांगेने येऊन भेटू लागले. बाईंना कुणीतरी हारांच्या गडबडीत पलीकडे नेलं होतं. प्रत्येक जण हसून अभिनंदन करत होता आणि मी प्रत्येकाला तमिळमध्ये म्हणत होतो, "रोंब संतोषम." फार आनंद झाला. रांगेत एक तिशीतली अधिकारी आली. मान खाली घालून ती काहीतरी बोलली, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. मी तिचा हात हातात घेतला आणि तोंडभर हसून म्हणालो, "रोंब संतोषम, अम्मा."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतला आणि ती मागे सरकली. आजूबाजूच्या चार-पाच जणांचं हसू गेलं. काहीतरी भयंकर झालंय एवढं मला दिसलं, पण काय ते कळेना. आणि विचारायची हिंमत होईना.

गाडीत बसल्यावर बाईंनी मला आपल्याकडे वळायला लावलं आणि रांगेतल्यांकडून कळलेलं सावकाश सांगितलं. त्या मुलीचा नवरा गेल्या महिन्यात अपघातात गेला होता. घरी म्हातारी सासू एकटी होती. मदुराईला झालेली बदली रद्द करा, एवढंच ती मागत होती.

तिच्या बदलीची फाइल सकाळी सगळ्यात आधी माझ्या टेबलावर ठेवा, असं मी बाईंना सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी बदली रद्द केली. पण सकाळीच तिचा राजीनामा आलेला होता. ती सिरुसेरीजवळच, समुद्रकाठच्या कोवलमला राहायची. मी बाईंना घेऊन तिथे गेलो. सासू दारातच उभी राहिली. समुद्रावरून वारा येत होता, मला एक अक्षर कळेना. बाई माझ्याकडे तोंड करून तिचं बोलणं मराठीत सांगत होत्या.

"म्हणते, सून बाहेर येणार नाहीं."

"तिला सांगा, मला ऐकू येत नाही. खरंच ऐकू आलं नव्हतं."

बाईंनी सांगितलं. म्हातारी माझ्याकडे वळली. मग काहीतरी बोलली आणि दार लोटून घेतलं. बाई त्या दाराकडेच बघत होत्या.

"काय म्हणाली? बाई, काय म्हणाली ती?"

"म्हणाली, मग हंसलांत कां?"

त्याच आठवड्यात मी यंत्र कानाला लावून अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते भले गृहस्थ. खुर्ची माझ्याजवळ ओढून, मला नीट दिसेल असं बोलले, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर आपण काहीतरी व्यवस्था केली असती. कानांमुळे कुणी तुम्हाला काढलं नसतं. पण तुम्ही चार वर्षं लपवलंत. आता संचालक मंडळाला मी कोणत्या तोंडाने सांगू, की यांच्यावर विश्वास ठेवा?"

फेरनेमणुकीची शिफारस झाली नाही. निरोप समारंभात कोण काय बोललं, ते बाईंनी लिहून दिलेल्या कागदावरून मी नंतर घरी वाचलं.

त्या मुलीला मी तीन पत्रं पाठवली. दुसऱ्या एका बँकेत तिच्यासाठी शब्दही टाकला. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही आणि त्या बँकेत ती गेली नाही, एवढं कळलं. चौथं पत्र लिहायला घेतलंय असं कळवलं, तेव्हा बाईंनीच फोनवर मेसेज पाठवून थांबवलं: "पुरे, सार. तिला राहूं द्या."

आता दोन्ही कान जवळजवळ गेले आहेत. यंत्रातून येतो तो नुसता कालवा, भांडी घासल्यासारखा. जेवताना बायको काहीतरी बोलते. मी म्हणतो, "काय?" ती पुन्हा सांगते. मी पुन्हा विचारतो, "काय म्हणालीस?" ती माझ्या पानात भात वाढते आणि मान हलवते. तिच्या ओठांवरचे ते दोन शब्द मात्र मला आता न चुकता वाचता येतात. "काही नाही."