अकरा वाजताची फळी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीने पहिल्या रहिवाशांचा सत्कार केला. आता आम्ही तीनच कुटुंबं उरलो आहोत. अध्यक्ष माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. ते माइकवर म्हणाले, "इथे काहीच नव्हतं तेव्हा ही माणसं आली आणि त्यांनी हे सगळं वसवलं." टाळ्या पडल्या आणि मी शाल खांद्यावर घेतली. बोला म्हणाले, तेव्हा घसा बसलाय अशी थाप मारली. आयुष्यभर पोरांवर ओरडून ज्या बाईचा घसा कधी बसला नाही, तिने ही थाप मारावी याची मला लाज वाटली.

इथे काहीच नव्हतं हे खोटं आहे. आमची इमारत नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गासच्या वाटेवर, भातशेतांच्या मधोमध उभी राहिली तेव्हा इथे एक अख्खं गाव होतं, गावाची विहीर होती आणि खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध होता. आम्हाला ते दिसत नव्हतं एवढंच. मी घाटावरची, नवरा गिरगावातल्या एका खोलीत वाढलेला. स्वतःच्या नावाचा दरवाजा मिळाला म्हणून आम्ही हवेत होतो. तेव्हा मी शाळेत सातवीला इतिहास शिकवायचे. अमेरिकेत गाडे हाकत गेलेल्या लोकांनी मोकळ्या जमिनीवर गावं वसवली, असं मी मुलांना लिहून द्यायचे. आधी तिथे कोण होतं, हे एकाही मुलाने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बिल्डरने नळ बसवले होते, पाणी दिलं नव्हतं. बारा बिऱ्हाडांना पाणी कुठून मिळणार? बांधापलीकडच्या गावच्या विहिरीतून. पहिल्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी आम्हाला दोनदा हाकललं आणि त्यांचं चुकलं असं आज मला वाटत नाही. आमच्या बाजूने बोलली ती एकटी काकी. पन्नाशीची, नवरा गेलेली, आमच्या कुंपणाला लागून तिचं भातशेत. तिने गावात सांगितलं की बांधाच्या आत राहतो तो बांधातला, त्याला पाणी द्यायचं आणि पाळीही द्यायची.

पाळी उघाडीची. बांधाच्या पोटात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. दगडी खाचांत एकावर एक लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. शेतात पाणी फार साचलं की ओहोटीला फळ्या काढून ते खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या परत बसवायच्या. गावातलं प्रत्येक घर आठवडाभर हे काम करायचं. ज्याला पाळी नाही तो गावाच्या हिशेबी पाहुणा. काकीने आम्हाला पाळी मिळवून दिली, म्हणजे तिने आपली पत आमच्यासाठी पणाला लावली होती. आम्ही नीट वागलो तर विहीर आमची. नाही वागलो तर विहीर बंद आणि काकीचं तोंड काळं.

परतीचा पाऊस संपला होता आणि भात पोटरीत आलं होतं. अष्टमीला आमचा आठवडा सुरू झाला. त्या सकाळी काकीने आम्हाला बांधावर नेलं आणि अकराच्या सुमारास फळ्या काढून दाखवल्या. "भायेरचं पानी उतरलं का काढायची, चढायला लागलं का बसवायची," ती म्हणाली. माझ्या नवऱ्याने मनगटावरचं घड्याळ बघून वहीत टिपून घेतलं. तिने ते पाहिलं आणि हसली. "घड्याल नको बगू, भावा. पानी बग."

नवऱ्याने पाणी बघितलं नाही. तो गाडीच्या वेळेवर जगणारा माणूस. त्याने घरी येऊन पट्टीने रेघा मारल्या आणि माझं अक्षर बरं म्हणून मला लिहायला बसवलं. फळ्या काढणे अकरा वाजता, बसवणे दोन वाजता, खाली वार आणि खोली नंबर. तो कागद जिन्यात डकवला. आम्हा सगळ्यांना त्याचा काय अभिमान! गावकरी पिढ्यानपिढ्या तिथी मोजत बसले आणि आम्ही एका सकाळी व्यवस्था लावली, असं कोणीतरी म्हणालंही. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, हे बारा बिऱ्हाडांत एकालाही माहीत नव्हतं. अष्टमीला अकरा वाजता जे पाणी उतरत असतं, तेच पौर्णिमेला अकरा वाजता काठोकाठ चढत असतं, आणि पौर्णिमेचं ते उधाण असतं.

पहिले चार-पाच दिवस निभावलं. मग दोन दिवस ज्यांची पाळी होती ते कंटाळा करून गेलेच नाहीत. त्यांच्या आळसाने शेत वाचलं. शेवटचा दिवस कोजागिरीचा आणि माझा. मी कर्तव्यदक्ष. माझी शाळा दुपारची, अकराला फळ्या काढून साडेअकराला मला रिक्षा गाठायची होती; दोनला त्या बसवायला शेजारीण जाणार होती.

फळी निघेना. मला वाटलं लाकूड फुगलंय. दोन्ही पाय रोवून ओढलं तेव्हा वरची एक सुटून हातात आली आणि मी मागे चिखलात बसले. डाव्या पायातली निळी चप्पल रुतली, तिचा पट्टा तुटला. त्या मोकळ्या जागेतून पाणी धो-धो यायला लागलं. ते शेताच्या बाजूला पडत होतं. हे मला दिसलं. मला ते दिसलंच नाही असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण इथे खरं लिहिते. मला दिसलं, क्षणभर काहीतरी चुकतंय असं वाटलं, मग मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते आणि कागदावर अकराच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. चप्पल तिथेच टाकून मी एका पायाने अनवाणी घरी आले, सँडल घातल्या आणि शाळेत गेले.

काकी त्या दिवशी वसईच्या बाजारात गेली होती. एकच्या सुमारास परतली, तोवर दोन तास खाडी तिच्या शेतात शिरत होती. फळी तिनेच बसवली.

संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं गच्चीवर जमली होती आणि मी मोठ्या पातेल्यात दूध ढवळत होते. काकी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली जिना चढून आली. आवाज चढवला नाही. तिने एवढंच विचारलं, "आज पाली कोनाची व्हती?"

नवरा म्हणाला, "काकी, सगळं वेळापत्रकाप्रमाणेच झालंय." तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं आणि मी दुधात केशर घातलं. ती खाली गेली. जाताना तिने जिन्यातल्या कागदाला हातसुद्धा लावला नाही.

पुढे पाऊस नव्हता, त्यामुळे मीठ धुऊन जायला काही उरलं नव्हतं. पंधरा दिवसांत भात पिवळं पडलं, लोंब्या आल्या त्या पोकळ. तिचं, आणि तिच्या शेजारच्या दोन घरांचंही. गावाने आमची पाळी काढून घेतली. विहिरीला कुलूप लागलं आणि आम्ही टँकर सुरू केला. गावात काकीशी कोणी धड बोलेना, बांधात परके तिने घुसवले म्हणून. दुसऱ्या वर्षी तिने शेत विकलं, मग शेजारच्यांनी. बांध राखायला माणूस उरला नाही. आज तिच्या शेतावर आमची बी विंग आहे आणि दर पावसाळ्यात त्या विंगच्या तळमजल्यात कंबरभर पाणी असतं. लोक महापालिकेला शिव्या घालतात. मी खिडकी लावून घेते.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी शाल पिशवीत घातली आणि काकीकडे गेले. गावातलं तिचं घर अजून आहे, विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. ती ओट्यावर बसून वाल सोलत होती. नजर अधू झालीय, पण तिने आवाजावरून ओळखलं. मी उभ्यानेच सांगून टाकलं की त्या दिवशी पाळी माझी होती.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "निली चप्पल तुजी. विहिरीवर रोज बगायची मी."

"मग विचारायला का आलात?"

तिचे हात थांबले नाहीत. "तू बोलशील म्हनून. एक शब्द जरी बोलली असती, तर मी गावात सांगितलं असतं, पोर नवीन हाय, चुकली. गावानं ऐकलं असतं माजं. भात काय, पुढच्या साली आलं असतं." तिने सालं बाजूला लोटली. "कोनीच बोललं नाय. मग मी गावात काय सांगनार व्हती?"

शाल मी तिला दिली नाही. ती तशीच पिशवीत होती. तिने सूप माझ्याकडे सरकवलं आणि मी तिच्यासमोर बसून वाल सोलायला लागले.