आधी गोळी, मग प्रार्थना

बहिणींनो, अजून माझा राग उतरलेला नाही.

आज सकाळी सिंदी मेघेत मंदाकडे प्रार्थना होती. तिच्या नवऱ्याला मिरगीचे झटके येतात. प्रार्थना सांगणारी बाई तिला म्हणाली, "गोळ्या काऊन देऊन राह्यली? प्रभूवर विश्वास नाई काय तुहा?"

पूर्वी अशाच बोलण्याला भुलून मी माझ्या नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. ते गेले.

मी उठले. "मंदा, आधी माह्यासमोर त्याले गोळी दे. मग डोळे मिटजो."

तिने दिली. बाई फणकाऱ्याने निघून गेली.

ती चूक घेऊन मी रोज प्रभूपुढे गुडघे टेकते आणि त्याच्याच बळावर उठते. त्याने मला एकदाही गोळ्या फेकायला सांगितलं नाही. मग गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगितलं?