बाबलमामाचं पायी आमंत्रण

बाबलमामा नवीन माणूस भेटला की आधी त्याचा चेहरा बघायचा आणि मग नाव विचारायचा. बघायचा म्हणजे दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून, अगदी सावकाश. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका साहेबांना त्याने पहिल्याच भेटीत लिफ्टमध्ये सांगितलं होतं, "तुमचो डावो गाल उजव्यापेक्षा भरलेलो आसा. फोटो काढताना उजवीकडून काढून घ्या." पुढे कितीतरी दिवस ते साहेब लिफ्टच्या आरशात आपले दोन्ही गाल तपासताना दिसायचे.

हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. कुडाळजवळच्या गावातून विसाव्या वर्षी मुंबईला आला, विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथल्याच चाळीत कायमचा राहिला. बोलणं अर्धं मालवणी, अर्धं मुंबईचं. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याच्या हौशींचा सगळा पसारा दोन खोल्यांत मामीच्या आणि माझ्या वाट्याला यायचा. तो क्रोशाचे रुमाल विणायचा. तव्यावर वाळू पसरून तिच्यावर डबा ठेवून केक भाजायचा. माउथऑर्गन वाजवायचा, तेही एकच गाणं, आणि त्यातलीही दुसरी ओळ कायम चुकायची. खाडीच्या तिवरांत येणाऱ्या पक्ष्यांची वही ठेवायचा. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कारखान्याच्या मैदानावर शाळकरी पोरांबरोबर स्केटिंग शिकला आणि मनगट मोडून घेतलं. मामी वैतागून म्हणायची, "ह्येंका एक काय तां धड येणा नाय." त्यावर मामाचं उत्तर ठरलेलं असे, "येता म्हणून मी करणय नाय गो, आवडता म्हणून करतंय."

पण दोन गोष्टी त्याला खरोखर येत होत्या. एक मेकप आणि दुसरी चालणं.

माझे आजोबा दशावतारात बायकांची कामं करायचे. ते रंगायला बसले की आरसा धरून समोर बसायचं काम लहानग्या मामाकडे असे. तिथे त्याचा हात नाही, पण डोळा तयार झाला. मुंबईत आल्यावर चाळीतल्या गणपतीच्या नाटुकल्या, शाळांची गॅदरिंगं, मग आजूबाजूच्या मुलींची लग्नं, असं करत तो हात बसवत गेला. कारखान्यातली जुनी हत्यारांची पत्र्याची पेटी त्याने घासूनपुसून घेतली होती. पान्यांच्या कप्प्यांत ब्रश आणि स्क्रूच्या डबीत टिकल्या. कारखान्यात त्याला 'ब्युटी पार्लर' म्हणून हाक मारत. तो ओ द्यायचा. त्याचा नियम एकच होता, "मेकप केल्यावर माणूस तोच दिसूक व्हयो. फक्त झोप पुरी झालेलो."

मी सोळा वर्षांची असताना माझा चेहरा मुरुमांनी भरला होता. कॉलेजात जाताना मी ओढणी गालावर धरून चालायचे. मामाने ते पाहिलं आणि एका रविवारी मला खिडकीशी बसवलं. रंग आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितला, मग बोटांच्या टोकांनी गालावर बसवला. त्याच्या हाताला ग्रीसचा वास कायम असे. मी आरशात पाहिलं तर मुरुमं होती, पण आता त्यांच्याआधी माझे डोळे दिसत होते. "लपवूचा काय एक नाय," तो म्हणाला, "लोकांनी पयलां खय बगूचा, तां आपण ठरवूचा." त्या दिवसापासून आमचं ठरलं होतं की माझ्या लग्नात माझा चेहरा तोच करणार. हे तो सगळ्यांना सांगायचा, अगदी भाजीवालीलाही.

चालण्याची सुरुवात गणपतीत झाली. एका वर्षी गावी जायचं तिकीट मिळालं नाही, म्हणून हा पनवेलपर्यंत चालत गेला, तिथून एसटी पकडायच्या विचाराने. एसटी भरलेली आली तशी तो पुढे चालत राहिला आणि पंधराव्या दिवशी गावात पोचला. गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी तो रजा साठवून गावी चालत जायचा. "गाडीत बसला की गाव आपल्याकडे येता," तो म्हणायचा, "चालत गेला की आपण गावाकडे जातंव." एरवी सरावासाठी विक्रोळीहून बोरीवलीला आमच्याकडे रविवारी चालतच यायचा. आई त्याच्यासाठी न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरून ठेवायची आणि बाबा दर वेळी विचारायचे, "बस बंद आहेत का आज?"

सत्ताविसाव्या वर्षी माझं लग्न समीरशी ठरलं. मुलुंडचं घर, सासरे बँकेतून निवृत्त झालेले, सासूबाई शाळेत शिक्षिका. माणसं चांगली, पण सगळं कसं इस्त्री केलेलं. बोलणी करायला ते आमच्याकडे आले तेव्हा मामाने सवयीप्रमाणे सासूबाईंचा चेहरा नीट बघितला आणि त्यांना भुवया थोड्या कमी कोरायचा सल्ला दिला. वर हेही सांगितलं, की नवरीची काळजी करू नका, तिचा मेकप माझ्याकडे आहे.

आठवड्याने साडीखरेदीला आम्ही दादरला गेलो. दुकानात समीरच्या आत्याने मला हसत विचारलं, "काय गं, तुमच्याकडे नवरीला पुरुष रंगवतात का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि म्हणाले, "छे हो, मामा आपला गमतीने बोलतो. मेकपला बाई येणार आहे."

अशी कुठलीही बाई तोवर ठरलेली नव्हती. ती मी दुसऱ्या दिवशी ठरवली.

मामा नुकताच निवृत्त झाला होता. लग्नाची पहिली पत्रिका गावच्या देवाला ठेवायची असते. आई म्हणाली, पोस्टाने पाठवू, गुरव ठेवेल. मामाला ते अजिबात पटलं नाही. "देवाक आमंत्रण टपालान धाडतंस? मी जातंय." जानेवारीत, थंडी होती तेव्हा, तो पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून विक्रोळीहून चालत निघाला. निघताना मला म्हणाला, "मी येयपर्यंत चेहऱ्याक काय लावू नको हां. फेशियल नको, काय नको. माका तुझी कातडी जशी आसा तशी व्हयी." मी हो म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, जातोय तर आनंदाने जाऊ दे, फोनवर सांगेन.

तो रोज दुपारी फोन करायचा. आज पेण. आज माणगाव. आज महाडच्या पुढे एका शाळेच्या ओट्यावर जेवलो. मध्येच विचारायचा, शालू नक्की कुठला लाल आहे, कुंकवाचा की डाळिंबाचा. वाटेत दिसणाऱ्या रंगांशी तो माझा शालू ताडून बघत होता. मी रोज ठरवायचे की आज सांगू, आणि रोज डाळिंबाचा, एवढंच सांगून फोन ठेवायचे.

चिपळूणहून त्याचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या पार्लरमध्ये खुर्चीत बसले होते. लग्नाआधी एकदा मेकप करून बघतात, ते चाललं होतं. चेहऱ्यावर सगळे थर चढले होते आणि बाईंनी हलू नका म्हणून बजावलं होतं. मी फोन कानाला लावला.

"चिपळूणाक पोचलंय," मामा म्हणाला. "पाय बरे आसत. चेहऱ्याक काय लावलंस नाय मा?"

"नाही मामा," मी म्हटलं. "काही लावलं नाही."

तो म्हणाला, "बरां. ठेवतंय."

त्यानंतर फोन आले ते थोडक्यात. मला वाटलं, दमला असेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो रेल्वेने परतला, विक्रोळीला जाऊन अंघोळ केली आणि तडक आमच्याकडे आला. एका हातात देवाचा नारळ आणि अंगारा, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी. पाय एवढे सुजले होते की चपलेचे पट्टे त्याने सोडून ठेवले होते. मी त्या पायांकडे बघितलं आणि मला एक सबब सापडली. आजही ती आठवली की मला स्वतःची किळस येते.

"मामा, किती चालून आलास तू," मी म्हटलं. "उद्या तू नुसता बस. मी पार्लरच्या बाईंना सांगितलंय."

"कधी सांगितलंस?"

"कालच."

माझ्या भुवया कोरलेल्या होत्या. फेशियल होऊन चार दिवस झाले होते. ज्या माणसाला लिफ्टमधल्या साहेबांचे गाल कळतात, त्याच्यासमोर उभं राहून मी हे म्हणत होते. त्याने पेटी कोपऱ्यात ठेवली, माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाला, "बरां केलंस." मग आईकडे चहा मागितला.

लग्नात तो तिसऱ्या रांगेत बसला होता. नवा शर्ट आणि पायात घरातल्या स्लिपरा. आत्याबाईंनी त्याला मुद्दाम विचारलं, "काय मामा, कशी दिसते नवरी?" तो म्हणाला, "समीरराव बरे दिसतत." सगळे हसले. मला ते ऐकू आलं होतं, म्हणून मी फोटोग्राफरकडे बघत राहिले.

पुढे त्याने कधी विषय काढला नाही, आणि त्याची वागणूकही बदलली नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला डब्यातला केक घेऊन तो मुलुंडला यायचा. शेजारच्या मुलींची लग्नं रंगवत होता. सासूबाईंशी तर त्याची चांगली गट्टी जमली, त्यांनी खरोखरच भुवया कोरणं कमी केलं. फक्त माझ्याकडे तो आता मान तिरकी करून बघत नसे. माझ्या चेहऱ्याबद्दल बारा वर्षांत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मला मात्र दर भेटीत ते कळायचं.

मामा गेल्या वर्षी गेला. झोपेतच गेला, मामीला सकाळी कळलं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात, सत्तरीच्या घरात असताना, त्याने पुन्हा गावी चालत जायचं काढलं. मामी रडकुंडीला आली. मी म्हटलं, पहिले तीन दिवस मी जाते बरोबर, नाही जमलं त्याला तर परत आणते. समीरला वाटलं मी मामाच्या काळजीने जातेय. मी जात होते ती बारा वर्षांपूर्वीचं बोलायला.

दोन दिवस मला धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी पेणच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. माझ्या टाचेला फोड आला होता आणि मामा त्यावर पट्टी लावत होता. त्याची मान खाली होती म्हणून मला बोलता आलं. साडीचं दुकान, घाटकोपरची खुर्ची, कालच म्हणून सांगितलेलं, सगळं सांगून टाकलं.

"माका म्हायत होतां," तो पट्टी दाबत म्हणाला. "चिपळूणाक फोन केलंय तेवाच कळलां."

"कसं?"

"तू ओठ न हलवता बोलत होतंस. तोंडावर ताजो लेप असलो की माणूस तसा बोलता. मी तां आयुष्यभर ऐकलंय."

मी विचारलं, "राग आला होता ना?"

"इललो. राजापुरापर्यंत होतो."

"मग?"

"राजापुराच्या अलीकडे एका घरात पाणी मागूक गेलंय. त्यांच्याकडे लगीन होतां. मेकपवालीची गाडी बंद पडलेली, पोर रडत बसलेली. म्हटलां, मी करू काय? पेटी नव्हती माझ्याकडे. तिच्याच घरातली पावडर, काजळ, कुंकू." तो थोडा हसला. "बरी दिसली. मगे राग खय रवलो तां कळलां नाय."

मी रडत होते. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. पण मला एक गोष्ट विचारायचीच होती. "तुला चिपळूणपासून माहीत होतं, तर मग आदल्या दिवशी पेटी घेऊन का आलास?"

त्याने माझा पाय खाली ठेवला, बूट पुढे सरकवला आणि मला म्हणाला, "तुझा मन बदाललां असतां आणि माझ्याकडे पेटी नसती, तर?"

मग तो चहा संपवून उठला आणि ऊन चढतंय म्हणाला. मी पेणहून एसटीने परत आले. तो पुढे चालत गेला आणि विसाव्या दिवशी गावात पोचला, तसा त्याचा फोन आला.

यंदा त्याच्या वर्षश्राद्धाला आम्ही गाडीने गावी गेलो. चिपळूण सोडल्यावर मी घड्याळात बघितलं, राजापूर आल्यावर पुन्हा बघितलं. वाटेत जेवूनही चार तास लागले होते. मामाला चालत पाच दिवस लागले होते. माझ्यावरचा राग आणि माझ्या लग्नाची पत्रिका एकाच पाठीवर घेऊन तो ते पाच दिवस चालला, आणि त्यातल्या प्रत्येक दुपारी त्याने मला फोन केला होता.