खारट औषध

माझे यजमान कनेरगावच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई होते. नाक्याच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. वाशीमकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या तिथं अडवून तपासल्या जायच्या. आमचं घर रस्त्याला लागूनच. दारापुढं सदा गाड्यांची रांग, आणि त्या रांगेत चाकांमधून, बैलांच्या पोटाखालून पळणारा आमचा एकुलता एक मुलगा.

तेव्हा तो सात वर्षांचा असेल. दोन घास खाल्ले की ताटावरून उठायचा. पाणी आणायला पाठवावं तर कळशी विहिरीवर आणि हा वऱ्हाडात. शाळेत मास्तरांनी आधी छड्या मोडल्या, मग हात जोडले. "बाई, हा बसत न्हाई आन दुसऱ्यायले बसू देत न्हाई. शांत झाला की आणा."

त्या हिवाळ्यात सरकीच्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. बोटं चेचली. जखम भरायच्या आतच तो पुन्हा रस्त्यावर. मग यजमान नाक्यावर जाताना त्याला कमरेला चऱ्हाट लावून खांबाला बांधू लागले. तो खांबाभोवती फिरत राहायचा; दोर संपला की उलटा. कमरेची कातडी सोलून निघाली. ते बांधायचे, मी सोडायची, आणि संध्याकाळी त्यावरून घरात भांडण.

शेवटी आम्ही त्याला वाशीमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं तेवढ्या वेळात याने टेबलावरची घंटी तीनदा वाजवली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मिरगीच्या रोग्यांना देतो ते औषध देऊन बघू. मेंदू थंड राहील."

"बरं व्हईल का?" मी विचारलं.

"बरं होईल असं मी म्हणत नाही. गप बसेल."

बाटली घरी आली आणि कोनाड्यात तशीच राहिली. शेजारी नाक्यावरच्या मुन्शींची म्हातारी आई राहायची. मी तिला खाला म्हणायची. बाटली पाहून ती दारातच बसली. "बेटी, माझ्या पोटच्या पोरीला मी आफू चाटवून शेतात जात व्हते. लई रडायची. एक दिवस घरी आले, तर उठलीच न्हाई." एवढं बोलून ती डोळे पुसत निघून गेली.

यजमान म्हणाले, "ती आफू व्हती. हे दवाखान्याचं हाय. न्हाई द्यायचं तर काय जन्मभर बांधूनच ठेवायचं?"

मी पोराची कमर पाहिली, आणि पहिला डोस वाटीत ओतला. बोटानं चाखून पाहिला. खारट होता. त्यानं तोंड वाकडं करून प्यायला.

पंधरवड्यात घर बदललं. चऱ्हाट गोठ्यात गेलं. पोरगं शाळेत बसू लागलं, बाराखडी आली, पाढे आले. मास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले. यजमान किती दिवसांनी हसले. "माणसात आलं लेकरू," म्हणाले. मलाही सुख वाटलं, ते नाकारणार नाही.

पण तो जेवताना घास हातात धरून बसायचा. तोंडावर पुटकुळ्या उठल्या. बैलाच्या घंटा वाजल्या तरी मान वळेना. एकदा मी त्याला चार हाका मारल्या. तो माझ्याकडेच बघत होता, तरी बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "आई, तू लांबून बोलून राहिलीस." मी त्याच्या पुढ्यातच बसले होते.

मी पुन्हा वाशीमला गेले. डॉक्टरांनी डोस निम्मा केला. निम्म्यानं पुटकुळ्या कमी झाल्या, डोळे तसेच हरवलेले राहिले. आणखी थोडे दिवस पाहिलं. मग एका सकाळी मी यजमानांसमोर बाटली मोरीत रिकामी केली. "आता तूच सांभाळ," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पोरगं परत धावायला लागलं, हसायला लागलं. त्या वर्षाच्या अखेरीस शाळेतून नाव कमी झालं. पुढं तो गाडीवानांबरोबर फिरू लागला. गाडी हाकण्यात तरबेज झाला, पण एका मालकाकडे टिकला नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या साली तो सतरा वर्षांचा होता. हिंगोलीच्या एका कापूस अडत्याकडे मापाडी हवा होता. हा गेला. मालाच्या हिशेबाची पट्टी वाचायला दिली, तिथंच अडखळला. घरी येऊन भाकरी खाता खाता त्यानं विचारलं, "आई, ते औषध बंद काहून केलंस? संगतीची पोरं हिशेब लिहून राहिली."

मी म्हणाले, "तू तू राहिला नव्हतास, बाबा."

यजमान खाटेवरून म्हणाले, "मी तवाच सांगितलं व्हतं."

त्यानं दोघांकडे पाहिलं. "देताना मले इचारलं व्हतं का? बंद करताना तरी?"

"सात वर्सांचा व्हतास रे," मी म्हणाले.

"तोंड तर व्हतं ना मले."

त्यानं हात धुतले, घोंगडी उचलली आणि गाड्यांच्या तळावर झोपायला गेला. त्या हंगामापासून त्याचं घरी येणं कमी होत गेलं. आला की माझ्याशी नीट बोलायचा, पाय दाबायचा, पण तो विषय त्यानं परत काढला नाही. मीही काढला नाही.